कोपरखैरण्यात जुना सीलिंग फॅन घेतलाय. हळू फिरतो, कुरकुरतो. दुरुस्त होईल का?

नक्की होईल, वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलेलं नसेल तर. हळू फिरतो म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) गेलेला असतो. जुन्यावर छापलेला आकडा बघूनच नवा आणा, बहुधा 2.5 एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप) असतो. कुरकुर बेअरिंगची. तेल घालत बसू नका, दोन्ही बेअरिंग बदला; पुष्कळ पंख्यांत 6202 आणि 6201 बसतात, तरी काढून नंबर वाचा. टांगताना हुकावरचा रबर बुश आणि बोल्ट निसटू न देणारी स्प्लिट पिन नवीच हवी, खाली माणसं झोपतात हो! पाती काढण्याआधी खुणा करा, जिथली तिथेच लावा. पातं वाकलं तर पंखा डोलतो. चिकट थर कोमट साबणपाण्याने निघतो, मोटरला फक्त कोरडा ब्रश. आपल्याकडच्या खाडीच्या हवेत स्क्रू गंजतात, तेही बदलून टाका.