आधी तो साठचा आकडा घुसवून बघ

चि. भाचीस अनेक आशीर्वाद,

बायफोकलला (बारावीच्या व्यवसाय विषयाला) सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा घेतलीस, पण क्लास-ऑब्जेक्ट (क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू) डोक्यावरून जातंय, असं ताई फोनवर म्हणाली. तू पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. एन्कॅप्सुलेशन, पॉलिमॉर्फिझमच्या व्याख्या मोत्यासारख्या अक्षरात. स्वतः लिहिलेला क्लास मात्र एकही नाही. व्याख्यांना मार्क असतात, तेव्हा त्या पाठ कर, पण परीक्षेच्या तोंडावर.

सध्या एसटीच्या आरक्षणाचा एक क्लास लिही. आत दोनच आकडे: एकूण सीटा ४४, आणि त्यातल्या आरक्षित किती. शिवाय एक फंक्शन, शिल्लक सीटा बघून हो किंवा नाही म्हणणारं. आधी सगळं पब्लिक, म्हणजे बाहेरून कुणालाही बदलता येईल असं ठेव आणि मेनमधून, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधून, आरक्षित सीटा सरळ ६० करून टाक. कंपायलर (तुझा कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) हूं की चूं करणार नाही. मग तोच आकडा प्रायव्हेट, म्हणजे फक्त क्लासमधल्या फंक्शनांनाच हात लावता येईल असा कर आणि परत कंपाइल कर. जी एरर येईल ती सावकाश वाच. यापुढे आकडा ४४ च्या वर गेलाच, तर सगळा प्रोग्राम पालथा घालायला नको; त्या आकड्याला हात लावणारी क्लासमधली दोन-तीन फंक्शनं तपासली की झालं. माझ्या मते या विषयातलं निम्मं शहाणपण इथंच आहे.

आता कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनतानाच त्यात सुरुवातीचे आकडे भरणारं फंक्शन) लिहिला असशील तर काढून टाक, मेनमध्ये ऑब्जेक्ट बनव आणि क्लासमधल्याच एखाद्या फंक्शनकडून आरक्षित सीटा छापून बघ. भलताच आकडा दिसला, तर कन्स्ट्रक्टर कशाला हवा ते सरांना विचारावं लागणार नाही.

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेण्याच्या, पाच प्रकारांची घाई नको. शिवनेरी ही बसच, तिथं वारसा शोभतो. बसला ड्रायव्हर असतो म्हणून ड्रायव्हर काही बसचा वारस होत नाही. तो आत मेंबर म्हणून बसतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये ती निळ्या पडद्याची टर्बो सी प्लस प्लस (जुना कंपायलर) असेल, तर एक ध्यानात ठेव. ती पहिल्यांदा आली १९९० मध्ये आणि भाषेचं पहिलं प्रमाण ठरलं १९९८ मध्ये. म्हणून तिथं प्रोग्रामच्या वरच्या ओळीतल्या आयओस्ट्रीमपुढे डॉट एच लागतं आणि घरचा नवा कंपायलर त्यावरच अडून बसतो. (लॅबमध्ये लॅबचं, घरी घरचं. वाद घालू नकोस, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात.)

आणि क्लासच्या शेवटच्या महिरपी कंसापुढे सेमीकोलन दे. विसरलीस तर कंपायलर कधीकधी पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवेल आणि तू तिथं शोधत बसशील.

रविवारपर्यंत प्रोग्राम पाठव. चालत नसला तर एररसकट.

तुझा,
मामा