‘कौमार्य चाचणी’ लिहावं का?

पुण्यातल्या एका उपसंपादक ताईंनी विचारलंय: बातमीत ‘कौमार्य चाचणी’ लिहायचं की ‘कौमार्य परीक्षा’? आणि कौमार्य हा शब्द फक्त बाईलाच का लागतो?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. मुळात तसं नव्हतं. ‘कुमार’ म्हणजे लहान मूल, त्यावरून कौमार, कौमार्य. गीतेतल्या ‘कौमारं यौवनं जरा’मध्ये कौमार म्हणजे कोणाचंही बाळपण. आयुर्वेदाची बालरोगांची शाखा आजही ‘कौमारभृत्य’च. पुढे हा शब्द बाईच्या शरीरात कोंडला गेला आणि त्याला ‘भंग’ चिकटला. क्रियापदं बघा. पुरुष ब्रह्मचर्य पाळतो, मोडतो, कर्ता तोच. बाईचं कौमार्य मात्र ‘भंग होतं’. स्वतःच्या शरीराबद्दलच्या वाक्यातही ती कर्ता नाही, हे मला फार खुपतं.

‘परीक्षा’ म्हटलं की सीतेची अग्निपरीक्षा आठवते, म्हणून तो शब्द नकोच. पण ‘चाचणी’ त्याहून फसवा. जिथे तपासून काही कळतं तिथे चाचणी: रक्ताची, शाळेतली. इथे कळण्यासारखं काहीच नाही. घोटाळा योनीच्या ‘पडदा’ या शब्दापासूनच सुरू होतो. खरंच पूर्ण पडदा असता तर पाळीचं रक्त बाहेर कुठून आलं असतं? ती योनिमुखाजवळची लवचीक कड असते, प्रत्येकीची निराळी. पहिल्या संबंधात कित्येकींना रक्त येतच नाही. कोणत्याही तपासणीतून पूर्वी संबंध आला होता की नाही हे सिद्ध होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं.

त्याच वर्षी जानेवारीत पिंपरीत कंजारभाट समाजातल्याच तरुणांनी नववधूचं कौमार्य तपासण्याच्या आपल्या समाजातल्या प्रथेला विरोध केला, म्हणून एका लग्नात त्यांना मारहाण झाली. पहिल्या रात्रीनंतर पांढरी चादर बघायची आणि नवऱ्याला विचारायचं, ‘माल खरा की खोटा?’ या प्रकाराला आपण ‘चाचणी’ म्हणतो तेव्हा त्यावर शास्त्राचा शिक्का मारतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने तो लैंगिक अत्याचार मानला जाईल असं जाहीर केलं.

तेव्हा ताई, ‘कौमार्य तपासण्याची सक्ती’ लिहा. आणि सक्ती कोणी केली, सासरच्यांनी की जातपंचायतीने, तो कर्ता मथळ्यातून गाळू नका.