नाताळची घरगुती प्रश्नमंजूषा

प्रश्न : नाताळच्या संध्याकाळी आमच्या आजीकडे सहा वर्षांच्या नातवंडांपासून ऐंशीच्या घरातल्या आजोबांपर्यंत सारा गोतावळा जमतो. गेल्या वर्षी मोबाइलवर मिळालेले प्रश्न घेऊन प्रश्नमंजूषा घेतली, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी भराभर उत्तरे दिली, वडीलधारी माणसे नुसती बघत बसली आणि शेवटी एका उत्तरावरून वाद झाला. यंदा काय करावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : आपल्या घरातली वडील मंडळी गप्प बसली, याचे कारण त्यांना माहिती कमी आहे हे नसून त्यांना जे ठाऊक आहे ते कोणी विचारलेच नाही, हे आहे. म्हणून प्रश्न आपल्याच घरातून आणि गावातून काढावेत, असे मी आग्रहाने सांगेन. बावखलातले (वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातले) पाणी रहाटाने वाडीला कसे दिले जाई, सुकेळी कोणत्या जातीच्या केळ्यांची करतात, आजीचे लुगडे कोणत्या पद्धतीने नेसतात, हे प्रश्न आले की सगळ्यांचे डोळे आपोआप आजी-आजोबांकडे वळतील. राजेळी केळ्याचे नाव नातवाला आजोबांच्या तोंडून कळले, तर ते त्याच्या कायम लक्षात राहील. एखादा जुना लग्नाचा फोटो फिरवून त्यातली माणसे ओळखायला सांगावीत. मात्र ज्या आठवणीने कोणाचे मन दुखावेल किंवा जुने भांडण उकरले जाईल, असा फोटो कपाटातच राहू द्यावा.

वसईच्या इतिहासातही भरपूर सामग्री आहे. चिमाजी अप्पांनी किल्ला कोणाकडून जिंकला (पोर्तुगिजांकडून, १७३९ मध्ये), किंवा १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद लाभलेले वसईचे सुपुत्र कोण (संत गोन्सालो गार्सिया), हे प्रश्न थोरामोठ्यांना आणि शाळकरी मुलांना सारखेच जमण्याजोगे आहेत.

संघ पाडताना प्रत्येक संघात एक आजी किंवा आजोबा, एक लहान मूल आणि मधल्या वयाची दोन-तीन माणसे असावीत. उत्तर ओरडून देण्याऐवजी संघाने आपसात बोलून चिठ्ठीवर लिहून द्यावे. एवढ्या एका नियमाने खेळाचा नूर पालटतो, कारण मग चपळाईपेक्षा विचारविनिमयाला महत्त्व येते. चिठ्ठी लिहिण्याचे काम लहान मुलांकडे द्यावे. मध्यरात्रीच्या मिस्सामुळे (चर्चमधल्या उपासनेमुळे) अनेकांची झोप झालेली नसते, तेव्हा खेळ जेवणापूर्वी घ्यावा आणि तासाभरात आटोपावा.

वाद टाळण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रश्न काढणाऱ्याची आहे. ‘बाळ येशूच्या दर्शनाला किती मागी (पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष) आले?’ असे विचारले, तर बहुतेकजण ‘तीन’ म्हणतील. पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात त्यांची संख्या दिलेलीच नाही. तिथे उल्लेख आहे तो सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींचा, आणि तीन ही संख्या परंपरेने त्यावरूनच धरली गेली. म्हणून ‘मागींनी कोणत्या भेटी आणल्या?’ असेच विचारावे. प्रत्येक उत्तर आधी पडताळून आपल्या कागदावर लिहून ठेवावे आणि बायबल हाताशी असू द्यावे. घरगुती प्रश्नांच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हेही खेळापूर्वीच ठरवावे. माझ्या मते तो मान आजीचा.

दोन संघांचे गुण समान झाले, तर अंदाजाचा एकच प्रश्न ठेवावा : पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या) नेहमीच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेत, एकूण मणी किती? जो संघ ५९च्या सर्वांत जवळ जाईल तो विजयी, आणि कोणी शंका काढलीच, तर घरातली रोझरी आणून सर्वांसमक्ष मणी मोजता येतील.