भाऊबीजेची पंगत, रेल्वेचा बोनस आणि कार्डावरचे 46 हजार

भुसावळहून एका भाऊंचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. रेल्वेत नोकरी आहे, भाऊबीजेला तिन्ही बहिणी, जावई लोक, भाचरं, गावाकडचा लहान भाऊ, आईवडील मिळून 40 माणसं जेवायला आहेत. केटररने 420 रुपये प्लेट सांगितलीय, त्यात वेलकम ड्रिंक, चाट, दोन भाज्या (एक पनीर), पुलाव, पुरी, दोन गोड आणि आइस्क्रीम. जेवणाचे पैसे क्रेडिट कार्डवर टाकायचे कारण '45 दिवस बिनव्याजी मिळतात', आणि बोनस बहिणींच्या साड्या-ओवाळणीला वापरायचा. कार्डवर आधीचे 46 हजार आहेत, मिनिमम ड्यू (दर महिन्याला भरावीच लागणारी कमीत कमी रक्कम) वेळेवर भरतात. बँकेत 60 हजारांची एफडी आहे 6.8 टक्क्यांची, तिला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय. तर जेवण केटररला द्यावं का घरी करावं, असं विचारलंय.

भाऊ, तुम्ही जेवणाचं विचारलं पण मला आधी कार्डचं बोलावं लागेल, कारण ते 45 दिवस तुम्हाला मिळणारच नाहीत. बिनव्याजी मुदत असते ती मागचं पूर्ण बिल भरणाऱ्याला, तुमच्यावर मागची बाकी चालू आहे म्हणजे नवीन जे काही स्वाइप कराल त्याला त्याच दिवसापासून व्याज लागतं, हे कार्ड देताना कोणी समजावून सांगत नाही आणि स्टेटमेंटमध्ये बारीक अक्षरात असतं. व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के धरा, त्या व्याजावर परत 18 टक्के जीएसटी. 46 हजारांवर हे झाले महिन्याला 1,900. मिनिमम ड्यू 5 टक्के धरला तर तुम्ही भरता 2,300, म्हणजे मूळ कर्जातले फक्त 400 कमी होतात, बाकी सगळं गेलं. 'वेळेवर भरतो' एवढ्यावर समाधान मानू नका, वेळेवर भरल्याने लेट फी वाचते, व्याज वाचत नाही.

आता तुमची ती हात न लावायची एफडी. त्यातल्या 46 हजारांवर बँक तुम्हाला महिन्याला 260 रुपये देते, तेवढ्याच रकमेवर कार्डवाले 1,900 घेतात. घरात काहीतरी शिल्लक आहे हे बघून जिवाला बरं वाटतं हे मला कळतं, वडिलधाऱ्यांना तर जास्तच, पण ही शिल्लक फार महाग पडतेय. मोडा ती. मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा रेट मिळतो आणि त्यातून अर्धा ते एक टक्का दंड कापतात, 46 हजारांवर एक टक्का म्हणजे वर्षाचे 460, कार्डाचं तुमचं एका आठवड्याचं व्याज साधारण तेवढंच आहे. काही बँका एफडीचा भागच मोडून देतात, तसं विचारा, म्हणजे 14 हजार तसेच राहतील. नाहीच दिलं तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी न मोडता तिच्या तारणावर उचल) मागा, 90 टक्क्यांपर्यंत मिळतो आणि व्याज एफडीच्या रेटपेक्षा एक-दोन टक्केच वर असतं. मात्र कार्ड क्लिअर झाल्यावर ते पाकिटातून काढून कपाटात ठेवायचं, नाहीतर दिवाळीच्या ऑफर बघून परत तेच.

आता जेवण. केटररचा हिशोब: 40 गुणिले 420 म्हणजे 16,800, पक्कं बिल असेल तर 5 टक्के जीएसटी, झाले 17,640. तुमचा बोनस 78 दिवसांचा, महिन्याला 7,000 ची मर्यादा धरून काढतात म्हणून जास्तीत जास्त 17,951. म्हणजे बोनस पूर्ण जेवणात घातला तर हातात 311 रुपये राहतात, ओवाळणीच्या ताटात काय टाकाल? शिवाय केटरर लेकराचीही पूर्ण प्लेट लावतो (अर्धी लावतो का ते विचारत जा, विचारलं तर बरेच जण ऐकतात) आणि जेवढ्या प्लेटा सांगितल्या तेवढ्याचे पैसे घेतोच. भाऊबीजेचं तर सगळ्यांना माहितीये, एखाद्या बहिणीची स्वतःची नणंद ऐनवेळी येणार म्हणून ती दुपारीच ओवाळून निघते, एखादे जावई ड्यूटीवरून येतच नाहीत, 40 चे 32 व्हायला वेळ लागत नाही.

तरी घरी करा म्हणजे वहिनींनी आणि आईने पहाटेपासून चुलीसमोर उभं राहायचं, असं मी म्हणत नाहीये. बायकांच्या अंगावर टाकून वाचवलेल्या पैशाला मी बचत म्हणत नाही, आणि बहिणी माहेरी बट्ट्या (वरणासोबत खातात ते जाडसर पिठाचे गोळे) वळायला येत नाहीत. केटरर का घरी, असं दोनच रस्ते धरून बसलात, मधला तुम्ही विचारलाच नाही: किराणा आपला, आचारी रोजाने. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करणारा आचारी प्रत्येक गावात आहे, 40 माणसं म्हणजे त्याला अर्ध्या दिवसाचं काम.

मी अंदाज काढलाय, भाव तुमच्या दुकानात थोडे इकडेतिकडे होतील. बट्टीचं जाडसर पीठ 7 किलो, तूरडाळ 3 किलो, वांगी 6 किलो, दीड किलो तूप, तळायला आणि मोहनाला मिळून 5 लिटर तेल, हे सगळं 2,800 ते 2,900 मध्ये बसतं आणि त्यातही सगळ्यात महाग तूपच, तेही 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 चा 5 झाल्यामुळे जरा बरंय. मसाला, दाणे-खोबरं, कोथिंबीर 700, गोडाला 4 किलो श्रीखंड 1,200, कोशिंबीर-कांदा-लिंबू 300, गॅसची एक टाकी, भांड्यांचं भाडं 600, आचारी 2,500, दोन मदतनीस 1,200. दहा हजार दोनशेच्या आसपास येतं, साडेदहा धरा. गावाकडचा भाऊ वांगी आणि गहू घेऊन येणार असेल तर अजून कमी, पण त्याचे पैसे त्याला द्या किंवा निदान विचारा तरी, शेतकऱ्याच्या घरून येतं ते फुकटचं असतं असं आपण नोकरीवाले सहज धरून चालतो.

खरी कात्री लागते ती साइड डिशना. वरण-बट्टी पोटभर होते, माणूस तीन-चार बट्ट्या तुपात चुरून खाल्ल्यावर पनीरकडे बघत नाही, तरी पनीर ठेवलं की 4 किलो पनीर आणि काजूची ग्रेव्ही मिळून दोन हजार गेले. पुलावाचे हजार, चाटचे दीड हजार, हे सगळं 'बरं दिसतं' म्हणून. चाट आणि स्टार्टर तर भाऊबीजेला कशाला, घरात फराळाचे डबे भरलेले असतात, आल्या आल्या चिवडा-शेव-करंजी पुढे करा. बाजूला लागतं काय तर हिरव्या मिरचीचा ठेचा, कोशिंबीर, आणि उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या-पापड तळून, बस. दुसरं गोडही नको, उरलेली बट्टी कुसकरून तूप-साखर घातली की पोरांचा चुरमा तयार. आइस्क्रीमवर पोरं अडून बसणारच, त्यांच्यापुरते दोन फॅमिली पॅक आणा, मोठ्यांना विचारूच नका. ज्यांना भरीत पाहिजे त्यांना सांगा की आसोदा-बामणोदची ती भरिताची वांगी खरी रंगात येतात थंडीत, तेव्हा शेतात वेगळा बेत करू, दिवाळीच्या पंगतीत 40 माणसांचं भरीत भाजत बसायला कोणाला वेळ आहे.

एक ठिकाणी मात्र मी हात आखडणार नाही, तूप. कमी तुपाची बट्टी जावयांना वाढली तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल आणि त्याचा हिशोब कुठल्याच एक्सेल शीटमध्ये मांडता येत नाही.

म्हणजे बोनसमधून साडेदहा हजार जेवण, उरतात साधारण 7,400. तीन बहिणींना दीड-दीड हजारात साडी किंवा पाकीट, 4,500. उरलेले 2,900 एफडीचं जे 14 हजारांचं शिल्लक राहिलंय त्यात भर टाका. सगळ्यात लहान बहिणीची परिस्थिती ओढाताणीची आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तिघींना सारखंच द्यायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा, मी असतो तर पाकिटं सारखी दिली असती आणि तिला वेगळे, कोणासमोर नाही.

कार्ड संपलं की दर महिन्याचे ते 2,300 मोकळे होतात. त्यातले 1,500 ची 12 महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करायची ठेव) बँकेत सुरू करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कटेल अशी, पुढच्या दिवाळीच्या तोंडावर 18 हजार आणि वर थोडं व्याज हातात येईल. राहिलेले 800 परत एफडीकडे. पोस्टाची आरडी नको, ती पाच वर्षांची असते, तुम्हाला वर्षात पैसे लागणार.

आचाऱ्याला मात्र आत्ताच सांगून ठेवा आणि पाचशे रुपये बयाणा द्या, दिवाळीत चांगले आचारी नवरात्रातच बुक होतात.