शेततळ्यातलं पाणी कुणाचं?

प्रश्न : सांगोला तालुक्यात माझी तीन एकर डाळिंबाची बाग आहे. आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्यात वाढणारं पीक धरतो, म्हणून शेततळं खणून त्याला प्लॅस्टिकचं अस्तर घातलं. डिसेंबर-जानेवारीत विहिरीला पाणी असतं, तेव्हाच उपसून तळं भरून ठेवतो. शेजारी म्हणतात, तुमच्या तळ्यानं आमच्या विहिरी लवकर आटतात. मी माझ्याच विहिरीचं पाणी घेतो, मग त्यांचं कसं आटेल? दुसरं म्हणजे, एका महाविद्यालयाचे विद्यार्थी दोन वर्षं येऊन गावातल्या विहिरी मोजून गेले. पुढं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. अशा संशोधनाचा आम्हाला उपयोग काय?
— एक बागायतदार, जि. सोलापूर

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. हिशेबच मांडते. तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि उतरत्या बाजूंचं धरलं, तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. आता जमिनीखाली बघू. आपला खडक बेसाल्ट. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग याच खडकाचा आहे. नदीकाठच्या वाळूत मुरतं तसं पाणी यात मुरत नाही. मुरूम, मांजऱ्या खडकाचा झिजलेला थर आणि कातळातल्या भेगा, एवढ्याच जागा त्याला मिळतात. अशा झिजलेल्या बेसाल्टमधून उपशाला येणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के असतं. २ टक्के धरा. एक हेक्टर रानाखालची पातळी एक मीटर खाली गेली, तर हाती लागतं फक्त २ लाख लिटर. म्हणजे तुमचं तळं एकदा भरायला ११ हेक्टरांखालचं, जवळजवळ २७ एकरांखालचं, मीटरभर पाणी लागतं. बाग तुमची तीन एकर. उरलेले चोवीस एकर कुणाचे आहेत ते शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

शिवाय खडकात असेपर्यंत त्या पाण्याला ऊन लागत नव्हतं. ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडालं, तरी रोजचे ५,४०० लिटर गेले. अस्तरानं पाझर थांबतो, वाफ थांबत नाही.

राज्यात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा शिवारातून वाहून जाणारं पावसाचं पाणी तळ्यात धरावं हा तिचा हेतू होता. विहिरीतून उपसून तळी भरण्याची पद्धत फळबागांच्या पट्ट्यात फोफावली. मुंबईच्या आयआयटीतल्या अभ्यासकांनी नाशिक जिल्ह्यातल्या फळबागांच्या गावांत नेमका हाच प्रकार अभ्यासला आहे. एकाचं तळं पाहून दुसरा खणतो, आणि हंगाम सुरू होण्याआधीच सगळे मिळून खडक रिकामा करतात.

तुम्ही म्हणाल, मी मोटार बंद ठेवली तर शेजारचा बोअर ओढेलच. हे खरं आहे, आणि म्हणूनच एकट्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. पाण्याचा करार गावानंच करावा लागतो. सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादनं शेतीसाठी बोअर न घेण्याचं ठरवलं. हिवरे बाजारला पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. तोवर तुमच्या हातात एवढं आहे : ओढा वाहत असताना, पावसाळ्यातच, गाळटाकीतून पाणी घेऊन तळं भरा. ऑक्टोबरात विहीर खोल गेलेली दिसली, तर त्या वर्षी आंबे बहाराचा हट्ट सोडून पावसाळ्यातला मृग बहार धरा.

आता विद्यार्थ्यांचं. वाचून मला वाईट वाटलं. भूजलशास्त्र शिकवत होते तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांना मी एक अट घालत असे : प्रबंध विभागात देण्याआधी विहिरींचा नकाशा आणि पातळ्यांचा तक्ता मराठीत करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना तिथं उभं राहून उत्तरं द्यायची. ज्यांनी आपल्या विहिरीत टेप सोडू दिला, त्या आकड्यांवर पहिला हक्क त्यांचा. तुमच्या सरपंचांनी त्या महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांना ग्रामपंचायतीच्या कागदावर पत्र लिहावं. प्रत्येक विहिरीची खोली, मोजल्याची तारीख, ऑक्टोबर आणि मे महिन्यांतली पातळी आणि उपसा चाचणी (विहीर उपसून पाणी किती वेगानं परत भरतं ते पाहणं) झाली असल्यास तिचा निकाल, एवढं नेमकं मागावं. दोन वर्षांची ही माहिती मिळाली, तर मी वर २ टक्के गृहीत धरले त्याजागी तुमच्या शिवाराचा खरा आकडा घालता येईल. वाद तिथंच मिटेल असं मी म्हणत नाही, पण तो अंदाजावर चालणार नाही.

पत्राच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून चारदा मोजते. त्याच महिन्यांत तुम्हीही दहा-बारा विहिरी मोजा, तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांच्या विहिरी धरून. काठावर रंगाची पक्की खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. आदल्या संध्याकाळपासून मोटारी बंद ठेवा, आणि मोजताना शेजाऱ्यांना सोबत घ्या.