हरणाच्या शिकारीसाठी वजनाला हलकी (दुर्बिणीसकट तीन किलोच्या आत), कमी धक्क्याची रायफल घ्यायची आहे. काडतूस कुठलं घेऊ: .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर की ७ मिमी-०८ रेमिंग्टन?

एकच रायफल ठेवायची असेल तर ७ मिमी-०८, १२० किंवा १४० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). धक्क्याची धास्तीच बसली असेल तर .२४३. ६.५ क्रीडमूर या दोघांच्या मध्ये बसते आणि तीही घेतलीत तरी काही बिघडत नाही. झालं उत्तर. पण दुर्बिणीसकट तीन किलोच्या आत आणि वर धक्काही कमी, हे तुम्ही एका दमात मागितलंय. खरी अडचण तिथे आहे, कॅलिबर (म्हणजे काडतुसाचं माप) नंतरचं.

हिशोब सोपा आहे. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, त्यात दारूचं वजन गुणिले वायूचा वेग मिळवा (हा सेकंदाला साधारण १२०० मीटर धरतात), आणि बेरजेला रायफलच्या वजनाने भागा. रायफल किती वेगाने खांद्यात घुसते ते मिळतं. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी म्हणजे ६.५ ग्रॅम, वेग सेकंदाला ९०० मीटर, दारू २.७ ग्रॅम. तीन किलोची रायफल सेकंदाला तीन मीटरने मागे येते, म्हणजे (अर्धं वजन गुणिले वेगाचा वर्ग) सुमारे १४ जुलांचा धक्का. त्याच तीन किलोत ६.५ क्रीडमूर १४० ग्रेनला १९ जूल, ७ मिमी-०८ १४० ग्रेनला २१, .३०८ विंचेस्टर १५० ग्रेनला २४ आणि .३०-०६ १८० ग्रेनला ३२. दारूच्या मापाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, क्रम हाच राहील.

आता .३०८ चार किलोच्या रायफलीत घाला. धक्का १८ जूलवर येतो, म्हणजे तुमच्या हलक्या ७ मिमी-०८ पेक्षा कमी! कॅलिबर बदलून जे कमावता ते वजन छाटून घालवता. त्यामुळे माझं मत, सगळं धरून ३.३ ते ३.५ किलोवर थांबा. कंपनीच्या माहितीपत्रकातलं वजन उघड्या रायफलीचं असतं. दुर्बीण, तिच्या कड्या, पट्टा आणि चार काडतुसं चढली की त्यात सहज सहा-सातशे ग्रॅमची भर पडते. म्हणजे २.७ किलोची रायफल आपोआप या वजनावर येते. त्याहून हलकी रायफल उभ्याने नेम धरताना डुलत राहते. तिचा चाप ओढायला दोन किलोचा जोर लागत असेल तर चाप ओढतानाच नळी हलते. तो एक ते सव्वा किलोवर आणून घ्या. पेन्सिलीसारखी बारीक नळी तीन बारांत तापते आणि गोळ्या सरकायला लागतात. झिरो करताना (दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवताना) प्रत्येक बारानंतर ती निवू द्या, नाहीतर दुर्बिणीचे स्क्रू उगाच फिरवत बसाल.

धक्का अंगाला कसा लागतो हे दस्त्यावरही ठरतं. दस्ता लांब असेल तर त्याची टाच खांद्याच्या खळग्याऐवजी दंडाकडे सरकते आणि नुसत्या १४ जुलांनी दंड काळानिळा होतो. दस्त्याची वरची कड जितकी सरळ, तितकी रायफल कमी उसळते आणि गालाला कमी लागते. मागे चांगलं मऊ रबर लावा. दुर्बिणीपासून डोळा निदान नऊ सेंटिमीटर लांब राहायला हवा. हलक्या रायफलीवर भुवई फुटते ती याच चुकीने. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला बसवायचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) धक्का खरंच बराच कमी होतो, पण आवाज कानावर येतो. कानाला संरक्षण असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

तुम्ही दचकता की नाही हे खांद्याला विचारू नका, नळीला विचारा. मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि चार खऱ्या काडतुसांत एखादं डमी (न उडणारं नकली काडतूस) कुठेही घालू द्या. तुम्हाला क्रम माहीत नसावा. डमीवर चाप ओढला की नुसती टक होते. त्या क्षणी नळीचं तोंड जागच्या जागी राहिलं तर ते कॅलिबर तुमचं. ते दोन बोटं खाली गेलं, डोळे मिटले, खांदा पुढे ढकलला गेला, तर कागदावरची ताकद तुमच्या काही कामाची नाही. वीस बारांनंतर हीच चाचणी पुन्हा करा, कारण पहिल्या पाचांत सगळेच शूर असतात.

आता ज्यांना .२४३ म्हणजे पोराबाळांचं खेळणं वाटतं आणि जे उठसूट ‘पाडण्याची ताकद’ सांगतात, त्यांच्यासाठी. .२४३ ची गोळी साठ किलोच्या हरणात पूर्ण थांबली तर त्या हरणाला सेकंदाला दहा सेंटिमीटर वेग मिळतो. .३०-०६ ने सोळा. यातलं कुठलंच हरणाला पाडत नाही. हरिण पडतं ते मेंदू किंवा कणा तुटल्याने, नाहीतर फुप्फुसं आणि हृदय फाटून रक्तदाब कोसळल्याने. हृदयात अचूक बसलेली गोळी खाऊनही ते पन्नास-शंभर मीटर पळू शकतं, कॅलिबर कुठलंही असो. ६.५×५५ स्वीडिश १८९४ पासून चालत आली आहे आणि स्कँडिनेव्हियात तिने आजही मूस मारतात. मूस हरणाच्या कितीतरी पट मोठा.

.२४३ बदनाम झाली ती बहुतेक वेळा गोळीमुळे. ५५-५८ ग्रेनच्या पातळ कवचाच्या गोळ्या कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरांसाठी असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या वरच्यावर फुटतात आणि जखमी जनावर निघून जातं. हरणासाठी ९० ते १०० ग्रेनची, शिसं कवचाला जोडलेली गोळी, किंवा ८०-८५ ग्रेनची अखंड तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला नळीतला पीळ (गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचांचा) जास्त घट्ट लागतो. .२४३ च्या नेहमीच्या दहा इंचांत एक फेरा या पिळाला ८५ पर्यंतचं तांबं चालतं, फार लांब १०५ ग्रेनच्या गोळ्या बहुधा स्थिरावत नाहीत. पिळाने काय होतं ते .२४४ रेमिंग्टनला विचारा. ती आणि .२४३ दोघी १९५५ च्या. रेमिंग्टनने पीळ बारा इंचांत एक ठेवला आणि १०० ग्रेनच्या गोळीचा भरवसा गेला. विंचेस्टरने दहा ठेवला आणि बाजार तिच्याकडे गेला. शेवटी १९६३ मध्ये नऊच्या पिळाने आणि ६ मिमी रेमिंग्टन या नव्या नावाने .२४४ परत आणावी लागली. काडतूस तेच!

मग मी ७ मिमी-०८ का म्हणतो? गोळी निवडताना चूक झाली तरी ती सांभाळून घेते, म्हणून. तिरक्या उभ्या हरणात १४० ग्रेन आरपार जाते, रक्ताचा माग सापडतो. .२४३ ला बाजूने नीट उभं असलेलं हरिण हवं आणि थांबायची तयारी हवी.

दोन गोष्टी राहिल्या. अठरा इंचांची आखूड नळी घेऊ नका, बावीसच्या तुलनेत सेकंदाला तीसेक मीटर वेग जातो आणि आवाज वाढतो. आणि कायदा आधी बघा. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या हरणांना किमान .२४० कॅलिबर आणि १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते; .२४३ त्यात बसते, .२२३ बसत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकारच बंद आहे, तेव्हा हे सगळं जिथे परवाना मिळतो तिथल्यापुरतं. रेड डियर किंवा एल्क (हरणांच्या मोठ्या जाती) मनात असेल तर .२४३ यादीतून काढा.