कागद दोन, औषध एकच

प्रश्न : वडिलांचं (वय ७४) गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना सर्जननी ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा, दहा दिवसांसाठी लिहून दिली. सहाव्या दिवशी सकाळी पाठ धरली म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वेगळ्याच नावाची कॅप्सूल दिली, तीही तीनदा. मेडिकलमध्ये गेले, तर काउंटरवरच्या मुलाने दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या आणि चार माणसांसमोर म्हणाला, 'आधीच्या संपू द्या, ही आत्ता मिळणार नाही.' डॉक्टर दोन, कागद दोन, पैसे आमचे. तो असं म्हणू शकतो का? वडील रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात, बाकी ठणठणीत आहेत.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : म्हणू शकतो. चार माणसांसमोर म्हणायला नको होतं, हे मात्र तुमचं बरोबर.

आधी घरी जाऊन दोन कामं करा. जुन्या गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षर वाचा, मग नव्या चिठ्ठीवरची कॅप्सूल कशाची आहे ते विचारा. माझ्या अंदाजाने दोन्हीकडे ट्रामाडॉलच, म्हणजे तेच अफूच्या जातीचं कडक वेदनाशामक, निघेल. नाव बदललं की औषध बदललं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. कंपन्यांना ते सोयीचंच असतं. जुन्या गोळीत ते ३७.५ मिलिग्रॅम असतं, तीनदा म्हणजे ११२.५. कॅप्सूल ५० ची असेल तर आणखी १५०. बेरीज २६२.५. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे, म्हणजे हिशेबात बसतं. पण ७४ वर्षांचा नुकता ऑपरेशन झालेला माणूस, त्यात रात्रीची झोपेची गोळी. ही दोन्ही औषधं एकत्र आली की गुंगी चढते, श्वास मंदावतो. तुम्ही जे शेवटी, जाता जाता लिहिलंत, ते मी सगळ्यात आधी वाचलं.

नौपाड्यात २८ वर्षं माझं दुकान होतं. एकदा चरईतले एक काका असेच दोन कागद घेऊन आले. दोन वेगळी नावं, संध्याकाळची गर्दी. मी दोन्ही दिली. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली. बाबा दिवसभर पेंगतायत, बाथरूममध्ये पडले. भांडली नाही, फक्त दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यानंतर पट्टी उलटी केल्याशिवाय मी अशी गोळी कुणाला दिली नाही.

आता नियम. ट्रामाडॉल २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या कडक औषधांच्या यादीत आहे. केमिस्टला त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते : डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. ती वही तीन वर्षं जपायची. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी पुन्हा द्यायला सांगितलं नसेल, तर ती एकदाच चालते, आणि औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची असते. तो शिक्का पाहून लोक नाक मुरडतात. पण कोपरखैरण्याच्या दुकानाने काय दिलं, हे वाशीच्या दुकानदाराला दुसरं कोण सांगणार? आपल्याकडे सगळ्या दुकानांना जोडणारा संगणक नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो दाखवलात तर मी विचारायचे, शिक्का कुठे मारू, मोबाइलच्या काचेवर?

किती दिवस आधी नवीन चिठ्ठी चालते, याचा आकडा नियमात शोधू नका. तिथे फार्मासिस्टने बघायचं असतं. तेच औषध दुहेरी पडतंय का, एकाला दुसरं बाधतंय का, हे तपासणं आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारणं, हे फार्मासिस्टांसाठीच्या २०१५ च्या नियमावलीत त्याचं कामच ठरवलंय. त्या मुलाचं पहिलं अर्धं काम बरोबर झालं. फोन त्याने करायला हवा होता. तुम्हाला उन्हात परत पाठवण्यापेक्षा ते दोन मिनिटांचं काम होतं.

तो फोन आता तुम्हीच करा. फॅमिली डॉक्टरांना सर्जनची चिठ्ठी आणि झोपेच्या गोळीचं नाव, दोन्ही वाचून दाखवा. त्यांना कॅप्सूलच हवी असेल, तर कागदावर 'आधीची गोळी बंद' असं तारखेसह लिहून सही करतील. मग कुठलाही केमिस्ट नाही म्हणणार नाही. उरलेल्या पंधरा गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्याला देऊ नका.

प्रश्न : गणपतीला तीन आठवडे चिपळूणला जायचंय. आईच्या ट्रामाडॉलच्या गोळ्या मध्येच संपतील. ठाण्यातला केमिस्ट आधी देईल का?
— एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : जुन्याच चिठ्ठीवर नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा आणि प्रवासाचं कारण व किती दिवसांच्या गोळ्या, हे नव्या चिठ्ठीवर लिहून घ्या. मूळ कागद बॅगेत ठेवा. आई महिनोन्महिने घेत असतील, तर गोळ्या संपल्या म्हणून एकदम थांबवू नका, फार त्रास होतो. आणि भेट गणपतीच्या आधीच्या आठवड्यावर टाकू नका. तेव्हा डॉक्टरही गावी निघालेले असतात.